लातूरची फुप्फुसं, लेहची हवा: शरीर उंचीशी कसं जुळवून घेतं?

“ताई, पोराची पोस्टिंग लेहला आली. तिथं श्वास लागतो म्हणतात. पण आमचा गडी रोज पाच किलोमीटर पळतो, त्याला काय होतंय?”

लाल रक्तपेशींवर पीएचडी करते म्हटल्यावर असे प्रश्न येतातच. आपल्या नांदेड-लातूरकडची बरीच पोरं फौजेत आहेत. कुणी रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर म्हणून जातं, कुणाची बँकेत बदली होते. मग वर्षभरानं बायको-लेकरंही तिकडं राहायला जातात. म्हणजे हा चार दिवसांच्या सहलीचा प्रश्न नाही, घर थाटण्याचा आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगते. पळणाऱ्या गड्यालाही त्रास होऊ शकतो. उंचीशी जुळवून घेणं ही ताकदीची गोष्ट नाही, वेळेची आहे. शरीरात त्यासाठी तीन वेगवेगळी घड्याळं चालतात. एक मिनिटांचं, एक दिवसांचं आणि एक आठवड्यांचं. त्यातलं एकही आपल्या घाईनं पुढं सरकत नाही. आणि गावाकडं सुट्टीला आलं की ही घड्याळं बऱ्यापैकी मागंही जातात. हा शेवटचा मुद्दा लोकांना माहीत नसतो, आणि धोका तिथंच असतो.

ऑक्सिजन कमी म्हणजे नेमकं काय कमी?

“वर हवेत ऑक्सिजन कमी असतो” हे वाक्य अर्धंच खरं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण नांदेडला सुमारे २१ टक्के आहे आणि लेहलाही तेवढंच. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे त्याच्या वजनानं खालची हवा दाबली जाते. जितकं वर जावं तितका वरचा थर कमी, म्हणून हवा विरळ. एका श्वासात छाती तेवढीच फुगते, पण आत येणारे ऑक्सिजनचे रेणू कमी भरतात.

आकडे पाहू. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरच्या वर, लातूर बालाघाटच्या पठारावर सहाशे मीटरच्या आसपास. समुद्रकाठी हवेचा दाब १०० धरला, तर नांदेडला तो सुमारे ९६ आणि लातूरला ९३ भरतो. हा फरक कुणाला जाणवतही नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथं हा आकडा ६५ च्या आसपास येतो. म्हणजे प्रत्येक श्वासातला एक तृतीयांश ऑक्सिजन गेला.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेहची उंची त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळं कितीही गड-किल्ले चढलेले असोत, विरळ हवेचा खरा अनुभव आपल्यापैकी कुणाला घरबसल्या मिळत नाही. गड चढताना लागते ती धाप पायांच्या कष्टाची असते. लेहला दोन जिने चढून लागते ती धाप हवेची असते.

पहिलं घड्याळ: श्वास

गळ्यात, मेंदूकडं जाणाऱ्या मोठ्या धमनीला फाटा फुटतो तिथं दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. त्याला कॅरॉटिड बॉडी म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की तो मेंदूला कळवतो, आणि आपण नकळत जास्त आणि खोल श्वास घेऊ लागतो. हे काही मिनिटांत सुरू होतं. जोडीला हृदयाचे ठोकेही वाढतात.

मग प्रश्न मिटला? नाही. जास्त श्वास घेताना ऑक्सिजन आत येतो, पण कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो. तो जास्त गेला की रक्त किंचित अल्कधर्मी होतं. मेंदूला हे आवडत नाही, तो श्वासाला ब्रेक लावतो. म्हणजे एक अवयव म्हणतोय “श्वास वाढव”, दुसरा म्हणतोय “कमी कर”. पहिल्या काही रात्री ही ओढाताण चालते. झोपेत श्वास भराभर चालतो, मग काही सेकंद थांबतो, मग माणूस दचकून उठतो. शेजारी झोपलेल्या माणसाची तर गाळणच उडते. निरोगी माणसाच्या बाबतीत उंचीवर हे नेहमीचं आहे.

कोरोनामुळं घरोघरी ऑक्सिमीटर आले. इथं ९७-९८ दाखवणारा माणूस लेहला उतरल्यावर ८५ ते ९० च्या घरात दिसू शकतो. आकडा पाहून घाबरू नका, आणि आकडा बरा दिसला म्हणून लक्षणांकडं काणाडोळाही करू नका. लक्षणं कोणती ते पुढं येतंच.

दुसरं घड्याळ: मूत्रपिंड

श्वासावरचा हा ब्रेक काढण्याचं काम मूत्रपिंड करतं. रक्तातलं जास्तीचं बायकार्बोनेट ते लघवीवाटे बाहेर टाकतं. रक्ताचा तोल जसजसा सावरतो तसतसा ब्रेक सैल होतो आणि श्वास मोकळेपणानं वाढतो. याला दोन ते चार दिवस लागतात. पहिल्या दिवसांत लघवी जास्त होते, ती थंडीमुळं असते तशीच या कामामुळंही असते.

डायमॉक्स नावाची गोळी ऐकली असेल. ती हेच काम लवकर करून देते. मूत्रपिंडाला बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते. ती वेदना दाबत नाही, लक्षणं लपवत नाही. पण ती सल्फा गटातली आहे, आणि प्रत्येकाला चालतेच असं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा थंडी वाजते म्हणून दारू, या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसांत वाईट. दोन्हींमुळं श्वास मंदावतो. ज्या श्वासाला आपण मोकळं करायचा प्रयत्न करतोय त्यालाच पुन्हा दाबल्यासारखं होतं.

तिसरं घड्याळ: रक्त

आता माझ्या आवडीचा भाग. १८९० मध्ये व्हिओ नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ पेरूमधल्या मोरोकोचा या सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या खाणगावात गेले. तीनेक आठवड्यांत त्यांना दिसलं की रक्तातल्या लाल पेशींची संख्या घनमिलिमीटरला ५० लाखांवरून ७०-८० लाखांपर्यंत गेलीय. उंचीवर रक्त बदलतं, याचा हा पहिला ठोस पुरावा मानतात.

पण त्या वाढीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. वरणाचं उदाहरण घ्या. पातेल्यात पाणी आटलं की वरण दाट होतं. डाळ वाढलेली नसते, पाणी कमी झालेलं असतं. उंचीवर पहिल्या दिवसांत तेच होतं. शरीर रक्तातलं पाणी कमी करतं, म्हणून त्याच रक्तात पेशी दाट दिसतात. तपासणीत हिमोग्लोबिन वाढलेलं येतं आणि लोक म्हणतात, “बघा, दोन दिवसांत जमलं.” नवी डाळ अजून पडलेलीच नसते.

नवी डाळ म्हणजे नव्या पेशी. त्यांची सुरुवात जरी लवकर होत असली तरी पीक उशिरा येतं. पेशींमध्ये एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असला की पेशी ते लगेच मोडून टाकते. ऑक्सिजन कमी पडला की ते शिल्लक राहतं आणि अनेक जनुकं चालू करतं. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. एचआयएफमुळं मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक वाढतं. ते काही तासांत वाढू लागतं आणि एक-दोन दिवसांत शिखर गाठतं. ही झाली पेरणी. पण हाडांच्या मज्जेत पेशी घडून रक्तात यायला बरेच दिवस लागतात, आणि एकूण पेशी नजरेत भरण्याइतक्या वाढायला काही आठवडे. सोयाबीन पेरल्या आठवड्यात काढायला येत नाही, तसंच.

आणि पेरायला बी लागतं. इथं ते बी म्हणजे लोह. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. नवऱ्याची तपासणी फौज करते. त्याच्या मागं जाणाऱ्या बायकोचं हिमोग्लोबिन कोण पाहतं? घर हलवायच्या दोन-तीन महिने आधी ते तपासून घ्या. कमी निघालं तर इथंच उपचार घेऊन भरून काढा. साठा रिकामा असेल तर वरचं शरीर कितीही संप्रेरक सोडू दे, पेशी घडायच्या कशातून?

तगडा गडी आणि १९६२ चा धडा

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण यशवंतराव चव्हाणांबद्दल शाळेपासून ऐकतो. चीनच्या युद्धानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. त्या काळात मैदानी भागातले हजारो तरुण जवान विमानानं थेट उंचीवर उतरवले गेले. ती सगळी निवडून घेतलेली, तगडी पोरं होती. तरीही त्यातली अनेक आजारी पडली. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडला. जगभरात उंचीच्या आजारावर आजही हा अभ्यास सांगितला जातो. त्याआधी १९६५ मध्ये डॉ. मेनन यांनी लेहमधल्या १०१ रुग्णांचा, फुप्फुसात पाणी होण्याचा अहवाल त्याच नियतकालिकात दिला होता.

तंदुरुस्ती इथं वाचवत नाही, कारण व्यायामानं पायांचे स्नायू आणि हृदय तयार होतं. कॅरॉटिड बॉडी किती जागरूक आहे किंवा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या किती आकसतात, हे व्यायामानं ठरत नाही. उलट तगड्या माणसाचा धोका वेगळाच. त्याला पहिल्या दिवशी बरं वाटतं, तो सामान उचलतो, मित्रांसोबत फिरायला जातो, आणि डोकं दुखायला लागलं तरी लाजेपायी सांगत नाही.

अशाच अनुभवांतून भारतीय लष्करानं वेळापत्रक बसवलं. २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस आराम, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर दीड ते तीन किलोमीटर सावकाश चालणं, पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चालणं आणि ३०० मीटरपर्यंत चढ. तिथून ४,५०० मीटरपर्यंत जायचं तर आणखी चार दिवस, त्याहून वर पुन्हा चार. वरच्या घड्याळांशी हे ताडून पाहा. दोन दिवस आराम कशाला, ते लगेच कळेल.

लक्षणं लक्षात ठेवा:

- पोचल्यावर काही तासांत डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, गळून जाणं. हा सौम्य त्रास. आराम करा, त्याहून वर जाऊ नका. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.
- बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, पुढं गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी होतंय. हे बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसतं आणि लोक सर्दी-खोकला समजून अंगावर काढतात.
- झोकांड्या जाणं, सरळ रेषेत चालता न येणं, बरळणं. मेंदूला सूज येतेय.

शेवटच्या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन आणि खाली उतरणं हेच उपचार. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरांना हे आजार रोजचे आहेत.

शक्य असेल तर जाताना वाट हळू चढणारी घ्या. दिल्लीहून विमान तासा-सव्वातासात लेहला उतरवतं. त्याऐवजी नांदेडहून रेल्वेनं जम्मू, मग श्रीनगर, कारगिलला मुक्काम आणि मग लेह अशी वाट घेतली तर शरीराला प्रवासातच दोन-तीन दिवस मिळतात. हिवाळ्यात हा मार्ग बंद पडू शकतो. मग विमानानंच जावं लागतं, आणि पहिले दोन दिवस अंथरुणाजवळच काढायचे.

घर थाटताना

स्वयंपाकघरात दाबाचा हिशोब लगेच दिसतो. लेहला पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. लातूरची तूरडाळ उघड्या पातेल्यात घातली तर गॅस संपेल पण डाळ कच्चीच राहील. कुकर लागणारच. कुकर बाहेरच्या दाबात आपली भर घालतो. बाहेरचाच दाब कमी, म्हणून नांदेडला जिथं आत सुमारे १२० अंश होतात तिथं लेहला ११५ च्या आसपास. तेव्हा शिट्ट्या वाढवा. ज्वारीची भाकरी मात्र तिथंही जमते. पिठाला चिकटपणा यायला लागतं तेवढं आधण ८८ अंशांनाही गरम असतं, आणि तवा काही हवेच्या दाबावर तापत नाही.

आता तीन गोष्टी, ज्यांबद्दल आपल्या भागात कमी बोललं जातं.

पहिली, सिकलसेल. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूर पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. आजार असलेल्यांनी उंचीवर जाणं धोक्याचं आहे हे डॉक्टर सांगतातच. पण वाहक, म्हणजे ज्यांच्यात एकच सदोष जनुक आहे, ते खाली अगदी निरोगी असतात. अनेकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. उंचीवर ऑक्सिजन घटला की त्यांच्याही काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि पाणथरीचा, म्हणजे प्लीहेचा, रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखतं. घरात कुणाला सिकलसेल असेल तर जाण्याआधी रक्त तपासून घ्या. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

दुसरी, गर्भारपण. उंचीवर वाढलेल्या गर्भाचं वजन सरासरीनं कमी भरतं. दर हजार मीटरला साधारण १०० ग्रॅम, असा ढोबळ हिशोब सांगतात.

तिसरी, तान्हं बाळ. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाळ जन्मतं लातूरला आणि सव्वा-दोन महिन्यांत बापाकडं लेहला जातं. जन्मानंतर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या हळूहळू सैल होत असतात. उंचीवर त्या आकसलेल्याच राहू शकतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. ल्हासामध्ये खालून आलेल्या कुटुंबांतल्या बाळांमध्ये हा गंभीर आजार १९८८ मध्ये नोंदवला गेला. सगळ्याच बाळांना असं होत नाही. पण बारशाचा मुहूर्त पाहतो तसं बाळाला वर कधी न्यायचं हे बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. दूध ओढताना बाळ दमत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थांबू नका.

सवय झाली म्हणजे लडाखी झालो का?

नाही. काही महिन्यांनी जिने चढताना धाप लागत नाही, झोप लागते, भूक लागते. पण कमाल ताकद पूर्ण परत येत नाही. लेहच्या उंचीवर पळण्याची कमाल क्षमता खालच्यापेक्षा पाचव्या हिश्श्यानं किंवा त्याहूनही कमी राहते.

शिवाय आपला मार्गच वेगळा आहे. आपण रक्त दाट करून भागवतो. दाट रक्त ऑक्सिजन जास्त वाहतं, पण ढकलायला जड जातं. फार दाट झालं तर तोही आजारच. तिबेटी लोकांमध्ये हजारो वर्षांत उलटं घडलं. त्यांच्या इपीएएस-१ या जनुकातल्या बदलामुळं रक्त वाजवीपेक्षा दाट होत नाही. ते श्वास आणि रक्तप्रवाह वाढवून काम भागवतात. २०१४ च्या संशोधनानुसार जनुकाचं हे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आलं. शेजारची लडाखी काकू बर्फात पाण्याचे हंडे उचलते म्हणून आपल्यालाही दोन वर्षांत तसं जमेल, ही अपेक्षा सोडा.

सुट्टी, आणि मागं गेलेली घड्याळं

आता सुरुवातीला म्हटलं होतं तो मुद्दा. दिवाळीला किंवा लग्नसराईत माणूस महिनाभर गावाकडं येतो. इथं ऑक्सिजन भरपूर, म्हणून श्वास मंदावतो, मूत्रपिंड बायकार्बोनेट पुन्हा साठवतं, एरिथ्रोपोएटिन घटतं आणि वाढलेल्या लाल पेशीही कमी होत जातात. तीन-चार आठवड्यांत बराचसा कमावलेला साठा गेलेला असतो. मनाला मात्र वाटतं, “आपण जुने आहोत, दोन वर्षं काढलीत तिथं.”

परत जाताना फुप्फुसात पाणी होण्याचा हा प्रकार पेरू आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये उंचीवर राहणाऱ्यांत, विशेषतः मुलांत, फार पूर्वीपासून नोंदलेला आहे. म्हणूनच लष्करात लांब सुट्टीवरून आलेल्या जवानाला पुन्हा वेळापत्रकातून जावं लागतं. पण त्याच्या बायको-लेकरांना तसं वेळापत्रक कुणी लावत नाही. सोमवारी लेहला उतरलं, मंगळवारी शाळा सुरू, घर झाडायचं, महिनाभर साठलेलं धुणं काढायचं. हे सगळं नेमकं त्याच दोन दिवसांत येतं.

म्हणून परतीचं तिकीट काढताना शाळा किंवा ड्यूटी सुरू व्हायच्या तीन दिवस आधीचं काढा. आजी-आजोबांनी “अजून दोन दिवस राहा की” म्हटलं तर हे कारण सांगा. ते दोन दिवस लेहच्या घरात, स्वस्थ पडून काढायचे आहेत. धुणं थांबेल.